ट्रॅकवरच्या गाडीत कॅमेरा: आधी बांधणी, मग शूटिंग

दीडशे ग्रॅमचा ॲक्शन कॅमेरा हातात घेतला तर खेळण्यासारखा वाटतो. तोच गाडीत सैल असला आणि गाडी ताशी ५० किलोमीटरच्या वेगात टायरच्या भिंतीवर आदळली, तर गाडी थांबते, कॅमेरा थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे सुटतो. हा मार किती? तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कॅमेरा खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर पडला तर त्याला साधारण एवढाच वेग आलेला असतो. शंभरच्या वेगाला हिशेब तेराव्या मजल्यावर जातो.

म्हणून ट्रॅकवर नेलेल्या गाडीत कॅमेरा हा आधी गाडीचा पार्ट आणि मग कॅमेरा. बॅटरी पट्टीने आवळतो, चाकांचे नट पान्याने कसतो, त्याच हिशेबाने तो बसवायचा. चित्र कसं दिसतं हा त्यानंतरचा प्रश्न.

ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी, जे रोजच्या वापरातली किंवा थोडीफार तयार केलेली गाडी घेऊन ट्रॅक डेला (स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला) किंवा क्लबच्या शर्यतीला जातात. आपल्याकडे म्हणजे कोइमतूरजवळचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं ३.७१७ किलोमीटरचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. पुण्याहून कोइमतूर गाठायचं तर सुमारे बाराशे किलोमीटर गाडी हाकायची, ट्रॅकवर पळवायची आणि त्याच गाडीने परत यायचं. ब्रेक, टायर आणि स्वतःची मान, तिन्ही परतीच्या प्रवासाला शाबूत लागतात.

ताम्हिणी किंवा लवासाच्या रस्त्यावर यातलं काहीही करायचं नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी एक वर्ष आणि दहा हजारांपर्यंत मजल जाते. आणि कॅमेरा चालू असेल तर पुरावा आपणच हाय डेफिनिशनमध्ये तयार करून दिलेला असतो.

कागद आणि परवानगी

गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा एक मजकूर असतो, तो एकदा वाचा. संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल त्यात वगळलेले असतात. ट्रॅकवर गाडी ठोकली तर दुरुस्ती खिशातून, हे धरूनच निघायचं.

आयोजकांना नोंदणीच्या वेळीच लेखी विचारून ठेवा: कॅमेरा चालतो का, फक्त आत की बाहेरही, सक्शन कप चालतो का, व्हिडिओ ऑनलाइन टाकला तर चालेल का. एफएमएससीआय या देशातल्या मोटर स्पोर्टच्या संघटनेच्या मान्यतेची शर्यत असेल तर स्क्रूटिनीला, म्हणजे गाडीच्या तपासणीला, गाडी नेताना कॅमेरा आणि त्याची सगळी बांधणी जागेवर बसवूनच न्या. तपासणी उरकल्यावर लावलेली वस्तू म्हणजे न तपासलेली वस्तू. अमेरिकेतल्या एससीसीए या हौशी रेसर्सच्या क्लबची अट सुटसुटीत आहे: कॅमेरा किमान दोन ठिकाणी धरलेला हवा, आणि सुरक्षा दोरी लावली असेल तर ती इतकी आखूड हवी की कॅमेरा चालकापर्यंत पोचता कामा नये. आयोजक काही बोलले नाहीत तरी हीच अट स्वतःला लावून घ्यावी.

जागा

सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे दोन्ही सीटच्या मधोमध, चालकाच्या खांद्याच्या उंचीवर किंवा किंचित वर, आणि सीटच्या पाठीमागच्या रेषेत. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत इथून चालकाचे दोन्ही हात, स्टेअरिंग, गिअर, आरसा आणि काचेतून पुढचा रस्ता, सगळं एका चौकटीत येतं. नुसता रस्ता दाखवणारा व्हिडिओ बघायला छान, पण शिकायला निम्मा कामाचा. वळणात हात दोनदा हलले का तीनदा, हेच त्यात दिसत नाही.

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवलेला नळ्यांचा पिंजरा, असेल तर मुख्य हूपच्या (चालकामागच्या कमानीच्या) आडव्या नळीला क्लॅम्प लावा. केजला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग करून पट्टीही जोडायची नाही. नळीची ताकद तिथेच जाते आणि स्क्रूटिनीत गाडी बाद होते ती वेगळीच. क्लॅम्प घेण्याआधी नळीचा व्यास व्हर्नियरने मोजा. एफआयए या जागतिक मोटर स्पोर्ट संघटनेच्या मापाने मुख्य हूप ४५ किंवा ५० मिलिमीटर असतो आणि बाकीच्या नळ्या ३८ किंवा ४० मिलिमीटरच्या असतात. मोठ्या क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी कोंबून काम भागवलं की तो तिसऱ्या लॅपपर्यंत फिरलेला असतो.

केज नसलेल्या गाडीत शेजारच्या रिकाम्या सीटच्या हेडरेस्टच्या दोन दांड्या वापरा. दोन्ही दांड्यांना धरणारी आडवी ॲल्युमिनियमची पट्टी लागते. एकाच दांडीवर लावलेला कॅमेरा त्या दांडीभोवती फिरतो. हेडरेस्ट सगळ्यात खालच्या खाचेत बसवा, म्हणजे दांडीची उघडी लांबी आणि थरथर दोन्ही कमी होतात.

आता टाळायच्या जागा. डॅशबोर्डवर, शेजारच्या एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्यासमोरच्या काचेवर काही लावू नका. एअरबॅग फुटली तर ती कॅमेऱ्याला सरळ केबिनमध्ये फेकते. पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत ए-पिलर (पुढच्या काचेच्या कडेचा खांब) आणि छताच्या कडेच्या पट्टीचीही तीच गत. हेल्मेटवर कॅमेरा नकोच. आधीच जड झालेल्या डोक्यावर लांब टोकाला वजन टांगल्यासारखं होतं, आपटताना तो केजला किंवा पट्ट्याला अडकतो आणि मान पिरगळते, शिवाय सगळा मार कवचाच्या एकाच ठिपक्यावर येतो. बाहेर बोनेटवर किंवा दारावर लावलेला कॅमेरा सुटला तर तो मागच्याच्या काचेवर जातो. बहुतेक आयोजक बाहेर लावू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

बांधणी

आग विझवायच्या सिलिंडरच्या ब्रॅकेटसाठी एफआयएची अट आहे: २५ जीचा, म्हणजे वजनाच्या २५ पट, धक्का सोसला पाहिजे. हाच आकडा कॅमेऱ्याला लावा. कॅमेरा, त्याची चौकट आणि हात मिळून २५० ग्रॅम भरले तर २५ जीला ते सव्वासहा किलोसारखं ओढतं. तपासायला प्रयोगशाळा नको. सामानाची बॅग तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या, कॅमेऱ्याच्या जागी चौकटीत हुक अडकवा आणि पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि वर, प्रत्येक दिशेला १० किलो दिसेपर्यंत ओढा. हात वाकला, सांधा घसरला किंवा क्लॅम्प फिरला तर ती बांधणी नापास. सक्शन कप बहुधा इथेच आपली लायकी दाखवतो.

सक्शन कपाबद्दल थोडं सविस्तर, कारण जवळपास प्रत्येकाची सुरुवात त्यानेच होते. सकाळच्या गारव्यात तो काचेला घट्ट बसतो. दुपारी काच तापते, कपाचं रबर मऊ पडतं, कडेने हवा शिरते, आणि दुसऱ्या सत्रात केर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चाक चढलं की कॅमेरा पायाशी. ब्रेकच्या पेडलखाली गेलेला कॅमेरा ही कल्पनाच पुरेशी आहे. आयोजकांनी चालवून घेतला तरी सक्शन कप फक्त स्वच्छ धुतलेल्या काचेवर, शेजारच्या बाजूला पण एअरबॅगसमोरची जागा सोडून, दोरीसह आणि प्रत्येक सत्राआधी काढून नव्याने लावायचा. दाणेदार प्लास्टिकच्या डॅशवर तो बसतच नाही. चिकटपट्टीचंही असंच. व्हीएचबीसारखी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावल्यावर २० मिनिटांत निम्मी पकड येते, पूर्ण पकडीला ७२ तास लागतात. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या आवारात) लावून लगेच ट्रॅकवर जाण्यात अर्थ नाही. आणि डॅशला सिलिकॉनची पॉलिश मारलेली असेल तर ती पट्टी कधीच धरणार नाही.

हात जितका आखूड तितका चांगला. दोन सांध्यांचा हात असेल तर एक सांधा काढून टाका. प्लास्टिकचे सांधे उन्हात मऊ पडतात आणि दातांशी तडकतात, ॲल्युमिनियमचे घ्या. सांध्याचा स्क्रू नुसत्या बोटांनी नाही, त्याच्या चावीने आवळायचा. बोल्टला नायलॉक नट (थरथरीने सैल न होणारा) लावा, आणि जिथे नट बसत नाही तिथे निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद; लाल लावलं तर नंतर तापवल्याशिवाय सुटणार नाही. सगळं कसून झालं की बोल्टचं डोकं आणि खालचा धातू यांवरून पांढऱ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. सत्र संपल्यावर रेघ तुटलेली दिसली तर सांधा फिरलाय. पाना न लावता, दोन सेकंदांत कळतं.

दुसरा धरणबिंदू म्हणजे दोरी. दोन मिलिमीटरची स्टीलची वायर रोप, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले फेरूल (धातूच्या छोट्या नळ्या), लांबी साधारण २० ते २५ सेंटीमीटर. एक टोक कॅमेऱ्याच्या धातूच्या चौकटीला, दुसरं टोक क्लॅम्पला नव्हे, गाडीच्या वेगळ्या भागाला: केजची दुसरी नळी किंवा सीटची चौकट. क्लॅम्पलाच दोरी बांधली तर क्लॅम्प सुटताना दोरीही त्याच्याबरोबर जाते. केबल टाय वायर आवरायला ठीक, एकट्याच्या जिवावर कॅमेरा धरायला नाही.

मग एक चाचणी करा. हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसा. मदतनिसाला कॅमेरा क्लॅम्पमधून सोडवायला सांगा आणि दोरी ताणून तो तुमच्या दिशेने आणायला सांगा. डोकं, खांदा, कोपर, कुठूनही कमीत कमी वीतभर अंतर राहायला हवं. नाही राहिलं तर दोरी आखूड करा.

सेटिंग

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात: स्टॅबिलायझेशन (चित्राची थरथर घालवणारी सोय) चालू ठेवतात. पायी किंवा दुचाकीवर ते वरदान आहे, गाडीच्या आत उलटं पडतं. कॅमेऱ्यातला जायरोस्कोप जमिनीच्या हिशेबाने वळणं मोजतो. गाडी वळली की त्याला वाटतं हात हलला, आणि तो चित्र उलट दिशेला सरकवतो. परिणामी प्रत्येक वळणात डॅशबोर्ड आणि स्टेअरिंग चौकटीत डावी-उजवीकडे तरंगताना दिसतात. ते पूर्ण बंद करा. चित्र थरथरत असेल तर दोष बांधणीत आहे, तिथेच दुरुस्त करा. चित्र जेलीसारखं लवलवतं तेव्हाही बहुतेक वेळा हात लांब असतो किंवा सांधा सैल असतो.

रिझोल्यूशन १०८० पुरतं, फ्रेम ६० ठेवा. ४के मध्ये कॅमेरा तापतो, कार्ड भरतं आणि ब्रेकिंग पॉइंट काही जास्त स्पष्ट दिसत नाही. ताशी १४४ किलोमीटरला गाडी सेकंदाला ४० मीटर जाते, म्हणजे ६० फ्रेमला दोन फ्रेममध्ये ६७ सेंटीमीटर आणि ३० फ्रेमला एक मीटर ३३. दोन लॅपमधला ब्रेकिंग पॉइंट ताडून बघायचा असेल तर हा फरक मोठा आहे.

दृष्टिकोन 'लिनियर' घ्या. अतिरुंद लेन्समध्ये वेग भन्नाट वाटतो, पण पुढची गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते आणि वळणाची कड वाकते. केबिन काळोखी आणि बाहेर लख्ख ऊन असल्याने ऑटो एक्स्पोजर केबिन उजळवायला जातं आणि रस्ता पांढराफटक पडतो. एक्स्पोजर रस्त्यावर लॉक करा किंवा अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवा. काचेत डॅशचं प्रतिबिंब पडत असेल तर डॅशवर काळं, चमक नसलेलं कापड पसरा. मात्र चारही कडांना वेल्क्रोने पक्कं करून, नुसतं टाकून नाही.

आवाजासाठी कॅमेऱ्याचा आतला माइक काचा उघड्या असताना फक्त वारा पकडतो. बाहेरचा माइक लावायची सोय असेल तर फोमची टोपी घालून तो डिकीत, एक्झॉस्टच्या बाजूला चिकटवा. इंजिनचा आवाज नीट आला की व्हिडिओवरून गिअर कधी बदलला आणि थ्रॉटल कधी सोडला हे ऐकूनच कळतं.

वीज, कार्ड आणि ऊन

कार्ड व्ही३० दर्जाचं, ६४ किंवा १२८ जीबीचं, ओळखीच्या दुकानातून. बाजारात नकली कार्डं भरपूर आहेत. नवं कार्ड एचटूटेस्टडब्ल्यूसारख्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून एकदा तपासून घ्या. जागेचा हिशेब सोपा आहे: सेकंदाला १०० मेगाबिटने लिहिणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी खातो. कार्ड संगणकात नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

गाडीच्या सॉकेटवर चालवायचं तर सिगारेट लायटरचा ॲडॅप्टर विसरा. पहिल्या केर्बवर तो उसळून बाहेर येतो. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा छोटा कन्व्हर्टर पक्का बसवून घ्या, त्याच्या आधी, बॅटरीच्या बाजूला, ३ अँपिअरचा फ्यूज. वायर पेडल, गिअर आणि सिलिंडरच्या खिटीपासून दूर न्या आणि दर वीतभर अंतरावर टायने बांधा. बाहेरून वीज घेत असाल तरी कॅमेऱ्यातली बॅटरी शक्यतो काढू नका. गाडीचा कट-ऑफ (सगळी वीज तोडणारा स्विच) दाबला की वीज जाते आणि फाइल बंद व्हायच्या आत कॅमेरा मरतो; नेमकी अपघाताची फाइलच मग उघडत नाही. बॅटरी आत असली तर तो दोन सेकंद तग धरून फाइल पूर्ण करतो. पॉवर बँक मात्र गाडीत नको. वजनाने ती कॅमेऱ्याहून जड आणि चेपली तर पेटणारी.

चेन्नई-कोइमतूरच्या उन्हात कॅमेरा तापून बंद पडणं नेहमीचं. सत्र संपलं की तो सावलीत, वाऱ्याला ठेवा. बर्फाच्या पेटीत ठेवू नका. लेन्सच्या आतून दव धरतं आणि पुढचं सत्र धुक्यात जातं.

जीपीएस

फोनचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदा जागा नोंदवतं. वरच्याच १४४ च्या हिशेबाने दोन नोंदींमध्ये ४० मीटर निघून जातात, म्हणजे अख्खं ब्रेकिंग. १० हर्ट्झचा बाहेरचा रिसीव्हर हे अंतर ४ मीटरवर आणतो. रेसक्रोनोसारखं ॲप तो फोनला जोडून लॅप टाइम आणि वेग व्हिडिओवर चढवतं. कॅमेऱ्यातल्या जीपीएसवर विसंबायचं असेल तर मॉडेल बघून घ्या: गोप्रो हिरो ११ मध्ये ते होतं, १२ मधून काढलं आणि १३ मध्ये परत आलं. रिसीव्हर नसला तरी अडत नाही. स्टार्ट-फिनिशची रेघ एकदा ओलांडल्यापासून पुन्हा ओलांडेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा आणि ६० ने भागा. लॅप टाइम कामापुरता निघतो.

रिसीव्हर आणि फोनही सुटे भागच आहेत. फोन काचेवर लावू नका, मांडीवर तर नाहीच. बंद होणाऱ्या खणात फोममध्ये दाबून ठेवा आणि लॅप टाइम नंतर बघा.

माणूस आणि गाडी

हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए२०२० किंवा त्यापुढच्या एसए दर्जाचं घ्या. काही ट्रॅक डेला दुचाकीचं फुल-फेस हेल्मेट चालवून घेतात, पण फरक समजून घ्या: एसए दर्जात आगीची चाचणी असते आणि नळीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटून बघतात, कारण गाडीत डोकं केजवर आपटतं. दुचाकीच्या एम दर्जात या दोन्ही गोष्टी नाहीत. अंगात सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, नायलॉन-पॉलिस्टर नको, ते वितळून कातडीला चिकटतं. शर्यतीत एफआयए ८८५६ दर्जाचा सूट लागतो. बूट पातळ तळव्याचे.

पट्ट्यांबाबत एक गैरसमज महागात पडतो. मूळ सीट असलेल्या आणि केज नसलेल्या गाडीत चार टोकांचा हार्नेस (शर्यतीच्या गाडीतले पट्टे) लावला म्हणजे सुरक्षा वाढली, असं नाही. गाडी उलटली आणि छत खाली आलं तर साध्या पट्ट्यात माणूस बाजूला कलतो, हार्नेसमध्ये ताठ उभा राहतो आणि छत मानेवर येतं. शिवाय मांड्यांमधला पट्टा नसल्याने समोरच्या धडकेत शरीर खाली सरकतं आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. म्हणून एकतर मूळ तीन टोकांचा पट्टा आणि एअरबॅग, नाहीतर केज, रेसिंग सीट, सहा टोकांचा हार्नेस आणि हॅन्स (धडकेत मान सांभाळणारं साधन) हा पूर्ण संच. अधलंमधलं काही नाही. हार्नेसचे खांद्याचे पट्टे सीटमागे आडवे किंवा किंचित उतरते हवेत, २० अंशांपेक्षा जास्त नको. जास्त उतरले तर धडकेत मणका खाली दाबला जातो. लेबलवर वैधतेचं वर्ष असतं, ते उलटलं की हार्नेस बाद, दिसायला कितीही कोरा असो.

मूळ पट्टाच वापरत असाल तर सीट दोन खाचा मागे घ्या, पट्टा लावा, हिसका देऊन लॉक करा आणि तो तसाच धरून सीट पुढे सरकवा. अंगाला पक्का बसतो आणि वळणात स्टेअरिंगला लोंबकळावं लागत नाही.

आग विझवायचा सिलिंडर दोन किलोचा, धातूच्या पट्ट्यांच्या ब्रॅकेटमध्ये, पट्टे लावलेल्या स्थितीत हात पोचेल असा. पावडर केबिनमध्ये सोडली तर दिसेनासं होतं आणि श्वास अडतो. आधी बाहेर पडा, मग फवारा.

गाडी रिकामी करा: मॅट, जॅक, पाना, बाटली, दाराच्या खणातली चिल्लर, आरशाला टांगलेली माळ, देवाची सुटी मूर्ती, सगळं. चालकाची मॅट तर आदल्या रात्रीच काढा. ॲक्सिलरेटरखाली अडकली तर विचार करायला वेळ मिळत नाही. ब्रेक ऑइल नवं डॉट ४ भरा. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला जातं. चाकांचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने प्रत्येक सत्राआधी तपासा. सत्रानंतर हँडब्रेक ओढू नका; तापलेले ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

सत्राच्या वेळी

नव्या ट्रॅकवर पहिल्या सत्रात कॅमेरा लावूच नये, असं आमचं मत आहे. कॅमेरा बघतोय म्हटलं की पाय जड होतो.

पुढच्या सत्रांत क्रम असा: हातमोजे घालण्याआधी रेकॉर्डिंग चालू करा, लाल दिवा मदतनिसाकडून बघून घ्या, मग पट्टे आवळा. त्यानंतर पिटमध्ये परत येईपर्यंत कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. तो बंद पडला, फिरला, काही झालं तरी चालत्या गाडीत हात लावायचा नाही. सुटून लोंबकळायला लागला तर हात बाहेर काढून खूण करा, रेसिंग लाइन सोडा आणि सरळ पिटमध्ये या.

गाडी ट्रॅकवरच बंद पडली तर आग नसेल तोवर पट्टे लावून आतच बसा आणि मार्शलची (ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन उभ्या कर्मचाऱ्याची) खूण बघा. व्हिडिओसाठी उतरणं तर नाहीच.

व्हिडिओ बघताना

सत्र झालं की लॅप टाइम नंतर बघा, आधी झेंडे बघा. व्हिडिओ लावा, कागदावर प्रत्येक मार्शल पोस्ट लिहा आणि तिथे कोणता झेंडा होता ते टिपा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, हळू पिटमध्ये. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी. पिवळ्या-लाल उभ्या पट्ट्या म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर नारिंगी ठिपका म्हणजे तुमच्याच गाडीत बिघाड, आत या. व्हिडिओत पिवळा झेंडा दिसतोय आणि तो तुम्हाला गाडीत दिसलाच नव्हता, असं एकदा जरी निघालं, तर त्या दिवशी वेग वाढवण्याचा विषय संपला.

त्यानंतर हात. एका वळणात स्टेअरिंग एकदा फिरून एकदा सरळ व्हायला हवं. मधेच दोन-तीन छोट्या दुरुस्त्या दिसत असतील तर बहुधा वळणात शिरतानाचा वेग जास्त आहे किंवा नजर जवळ पडतेय. आवाज बंद करून बघा, हे जास्त चांगलं कळतं. मग ब्रेकिंगच्या, म्हणजे वळण किती मीटरवर आहे ते सांगणाऱ्या फळ्या: १०० च्या फळीआधी किती फ्रेम गाडीचं नाक खाली गेलं, हे पाच लॅपमध्ये मोजा. आकडे एकमेकांच्या जवळ आले तरच ब्रेक उशिरा मारण्याचा विचार करा.

अपघात झाला असेल, तुमचा किंवा समोर दुसऱ्याचा, तर रेकॉर्डिंग बंद करून कार्ड लगेच काढा. मायक्रो कार्डला लॉकची खिटी नसते, म्हणून ते ॲडॅप्टरमध्ये घालून ॲडॅप्टरची खिटी लावा आणि दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. मूळ फाइल कापू नका, नाव बदलू नका. स्टुअर्डनी (शर्यतीच्या पंचांनी) मागितली तर तीच द्यायची. चौकशी संपेपर्यंत आणि जखमीच्या घरच्यांना कळेपर्यंत ती क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा टाकायची नाही.